उशिरा आलेल्या बुरशीची दंतकथा

विज्ञानातल्या काही गोष्टी इतक्या सुबक असतात की त्या खऱ्या आहेत का, हे विचारायचेच राहून जाते. दगडी कोळशाची जन्मकथा त्यांतलीच. ती साधारण अशी सांगतात: सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी झाडांनी लिग्निन नावाचा चिवट पदार्थ भरपूर बनवायला घेतला आणि त्याच्या जोरावर ती उंच वाढली. पण तो पचवू शकेल असा एकही जीव तेव्हा पृथ्वीवर नव्हता. झाडे मरत, पडत आणि पडूनच राहत. ओंडक्यांवर ओंडके साचत गेले, कुजले मात्र नाहीत. सहा कोटी वर्षे हा ढीग वाढला, दबला आणि त्याचा कोळसा झाला. मग बुरशीच्या एका कुळाला लिग्निन तोडण्याची युक्ती साधली आणि कोळशाचे युग संपले.

मी ही कथा वर्गात अनेक वर्षे सांगितली, तीही रंगवून. रसायन, उत्क्रांती, भूशास्त्र आणि हवामान असे चार धडे एका दमात उरकत. वर्धा खोऱ्यातला कोळसा कोणत्या काळातला आहे हे मला तेव्हाही ठाऊक होते. ते ज्ञान आणि ही कथा समोरासमोर बसवून पाहावी, एवढे मात्र कधी सुचले नाही. या लेखामागे त्या चुकीची थोडी भरपाई करण्याचा हेतू आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्यावर शस्त्र चालवायचे, याला शास्त्रार्थात लबाडी म्हणतात. म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू.

कोकणातल्या जुन्या घराची कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधलेल्या आणि त्यावर शेणमातीचा गिलावा. लाकडाची पेशीभिंत काहीशी अशीच असते. सेल्युलोजचे धागे ही कारवी आणि त्यांच्या फटींत भरलेले लिग्निन हा गिलावा. सेल्युलोज ही एकाच साखरेची एकाच प्रकारच्या बंधाने जोडलेली लांब साखळी. बंध एकच असल्याने त्याला बसेल असे एक विकर घडवले की साखळी कडीकडीने सुटते. लिग्निनमध्ये अशी शिस्त नाही. कोनिफेरिल, सिनॅपिल आणि पॅरा-कौमॅरिल ही तीन अल्कोहोले त्याचा कच्चा माल. वनस्पती त्यांना क्रियाशील करून सोडते आणि ती सापडेल तिथे, सापडेल तशी एकमेकांना चिकटतात. परिणामी दहा तऱ्हांचे बंध तयार होतात. त्यांतले काही थेट कार्बन-कार्बन बंध असतात, पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणाऱ्या नेहमीच्या विकरांना न जुमानणारे. लाकडाच्या वजनात या पदार्थाचा वाटा साधारण २० ते ३० टक्के.

अशा पदार्थाला फोडायचे तर कुलपाला किल्ली लावून भागत नाही, कुलूप वितळवावे लागते. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम या बुरशीत हे काम करणारे विकर १९८३ साली सापडले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत टिएन आणि कर्क यांनी ते शोधले, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका गटालाही ते स्वतंत्रपणे गवसले. या विकराचे नाव लिग्निन परॉक्सिडेज. हायड्रोजन परॉक्साइडच्या मदतीने ते लिग्निनच्या कड्यातून एक इलेक्ट्रॉन हिसकावते आणि बाजूला होते. उरलेला रेणू अस्थिर होऊन स्वतःच ठिकठिकाणी फुटतो. कर्क आणि फॅरेल यांनी १९८७ मध्ये या साऱ्या प्रकाराला विकरांनी घडवलेले ज्वलन म्हटले, आणि इतके नेमके वर्णन नंतर कुणाला जमले नाही. पावसाळ्यात पडलेल्या झाडावर पंख्यासारखी बुरशी उगवते आणि आतले लाकूड पांढरट, धागेदार, बोटाने दाबले तरी विस्कटणारे होते, ती हीच ‘पांढरी कूज’. लिग्निन जळून जाते, सेल्युलोज मागे राहते.

या रसायनातून पूर्वपक्षाची मांडणी सहज निघते. १९९० मध्ये जेनिफर रॉबिन्सन यांनी ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात ती केली: लिग्निन बनवणारे आधी आले, तोडणारे उशिरा, आणि मधल्या काळात कार्बन जमिनीत गाडला गेला. २०१२ मध्ये तिला जनुकांचे पाठबळ मिळाले. डेव्हिड हिबेट आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी ३१ बुरशींचे जनुकसंच तपासून परॉक्सिडेजच्या जनुकांची वंशावळ मांडली. ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासानुसार लिग्निन जाळणारा पहिला पूर्वज अ‍ॅगॅरिकोमायसिटीज या गटात, अंदाजे २९ कोटी वर्षांपूर्वी झाला. कार्बॉनिफेरस कालखंड संपला तो २९.९ कोटी वर्षांपूर्वी. दोन तारखा इतक्या जवळ आल्यावर कुणाचे मन हलणार नाही? मूळ लेखकांनी शक्यता म्हणून जे लिहिले होते, ते वृत्तपत्रांत आणि चित्रफितींत सिद्धान्त होऊन बसले.

हा झाला पूर्वपक्ष. तो मूर्खपणाचा नाही. चुकीचा मात्र आहे, आणि चूक एका जागी नाही.

सगळ्यात सोप्या गोष्टीपासून सुरुवात करू, म्हणजे हिशोबापासून. आजच्या जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला ढोबळमानाने ६० अब्ज टन कार्बन आपल्या शरीरात बांधतात. त्यातला फक्त बारावा हिस्सा लिग्निनमध्ये जातो असे हात आखडून धरले, तरी वर्षाला पाच अब्ज टन होतात. हवा आणि समुद्र मिळून आज कार्बनचा साठा सुमारे ४० हजार अब्ज टन. लिग्निन मुळीच कुजत नसते तर हा सगळा साठा आठ हजार वर्षांत आटला असता. ज्वालामुखींतून परत येणारा कार्बन वर्षाला अब्ज टनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे या घागरीला त्या ओंजळीने काही होत नाही. प्राचीन जंगले आजच्याहून कितीतरी विरळ होती असे म्हणा, आकडे दहापट कमी करा. उत्तर ऐंशी हजार वर्षे येते. कार्बॉनिफेरस चालला सहा कोटी वर्षे. २०१६ मध्ये मॅथ्यू नेल्सन, विल्यम डिमिशेल, शॅनन पीटर्स आणि केव्हिन बॉइस यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात या कथेचे सविस्तर खंडन केले. त्यांच्याही हिशोबात दहा लाख वर्षांच्या आत हवेतला कर्बवायू संपतो. कर्बवायू संपला की झाडे संपली आणि झाडे संपली की कथाही संपली. तशी ती संपली नाही, याचा अर्थ लिग्निन कुजत होते. बहुतेक सगळे कुजत होते, आणि ज्याचा कोळसा झाला तो त्यातला अगदी किरकोळ शेष.

मग कुजवत कोण होते?

इथे पूर्वपक्षाची दुसरी चूक दिसते. लिग्निन परॉक्सिडेज हा लिग्निन हाताळण्याचा सर्वांत जोमदार मार्ग आहे, एकमेव नव्हे. ‘तपकिरी कूज’ घडवणाऱ्या बुरशींकडे हे विकर जवळजवळ नसतेच. त्या लोह आणि हायड्रोजन परॉक्साइड यांच्या मिलाफातून हायड्रॉक्सिल मूलक तयार करतात. हा जगातल्या सर्वांत खुनशी रेणूंपैकी एक. लिग्निनच्या गिलाव्याला तो भगदाडे पाडतो आणि आतली साखर मोकळी होते. लिग्निन पूर्ण जळत नाही, पण पूर्वीसारखे राहतही नाही. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ढेकळांत तडकते. (हिमालयातल्या जंगलांत रानटी वाढणारी सर्प्युला लॅक्रिमन्स ही अशीच बुरशी. युरोपातल्या घरांच्या तुळया पोखरणारी म्हणून ती कुप्रसिद्ध आहे.) भिजक्या लाकडात पोकळ्या पाडणाऱ्या ‘मऊ कुजी’च्या बुरशींचे कूळ तर सर्वस्वी निराळे.

शिवाय जिवाणू आहेत. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यामागे स्ट्रेप्टोमायसिस वंशातले जिवाणू असतात. त्यांच्यातला स्ट्रेप्टोमायसिस व्हिरिडोस्पोरस लिग्निनचे विद्राव्य तुकडे करतो, हे १९८० च्या दशकातच आयडाहो विद्यापीठात दाखवले गेले. र्‍होडोकॉकस जोस्टी या मातीतल्या जिवाणूकडे लिग्निनवर चालणारे परॉक्सिडेज आहे, हे २०११ साली प्रसिद्ध झाले. जपानमध्ये कागदगिरणीच्या सांडपाण्यातून मिळालेला स्फिंगोबियम लिग्निनमधला सर्वांत जास्त आढळणारा ईथर बंध नेमका कापतो. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर जिवाणू या कामात बुरशीच्या मानाने मंद असतात. अखंड लाकडापेक्षा आधीच तुटलेल्या तुकड्यांवर त्यांचा हात अधिक चालतो, आणि त्यांची ही कला नेमकी किती जुनी ते दगडांत लिहिलेले नाही. पण कथेचा दावा ‘कूज मंद होती’ असा नाही, ‘कूज नव्हती’ असा आहे. आणि सहा कोटी वर्षांच्या हिशोबात मंद या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

साक्षीदार म्हणून जीवाश्मही उभे आहेत. आर्किऑप्टेरिस हे डेव्होनियन काळातले, म्हणजे कार्बॉनिफेरसच्याही आधीचे, खऱ्या अर्थाने लाकूडवाले झाड. इंडियानातल्या त्याच्या अश्मीभूत लाकडाचा स्टबलफील्ड, टेलर आणि बेक यांनी केलेला अभ्यास १९८५ मध्ये आला. त्या लाकडात पांढऱ्या कुजीशी जुळणाऱ्या खुणा आहेत. त्या खुणा आजच्याच बुरशीच्या पूर्वजांनी केल्या का, हे भोकांवरून सांगता येत नाही, हा आक्षेप मला मान्य. पण चोर कोण हे ठरले नाही म्हणून घरफोडी झालीच नाही, असे म्हणता येईल का? कार्बॉनिफेरस दलदलींतल्या चुनखडीच्या गोट्यांत तर तेव्हाचा पालापाचोळा पेशीपेशींनिशी टिकला आहे, आणि त्यात लाकूड कोरणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांच्या जातीतल्या किड्यांची बिळे आणि लेंड्या सापडतात. त्या दलदलीतही खाणे-कुजणे चालूच होते.

आता असा मुद्दा घेऊ, ज्यापुढे माझ्या मते कथेचा पायाच राहत नाही. कथा म्हणते की लिग्निन कुजले नाही म्हणून कोळसा झाला. तर मग कोळसा लिग्निनचा असायला हवा. युरोप-अमेरिकेतल्या कार्बॉनिफेरस कोळशाचा फार मोठा भाग ज्या झाडांचा आहे ती लायकोप्सिड कुळातली. लेपिडोडेंड्रॉन त्यांतले प्रसिद्ध. तीस मीटरांहून उंच, खोडावर पानांच्या वणांची खवल्यांसारखी नक्षी, आणि आत लाकूड? नावापुरते. मधोमध लाकडाची बारीक दांडी आणि भोवती जाडजूड साल. झाड उभे राहायचे ते सालीच्या बळावर, आणि या सालीच्या कोळशात लिग्निनच्या खुणा जवळजवळ नाहीत. म्हणजे ज्या काळाला लिग्निनच्या ढिगांचा काळ म्हणून मिरवले गेले, त्या काळातली मुख्य झाडे लिग्निनच्या बाबतीत कंजूष होती.

एवढ्यावर हे थांबत नाही. याच दलदलींमध्ये पुढे वृक्षनेचे आणि बीजधारी झाडे येतात, ज्यांच्यात लिग्निन भरपूर. लिग्निन हे जर कारण असेल तर कोळसा साठण्याचा वेग इथे एकदम वाढायला हवा होता. नेल्सन आणि सहकाऱ्यांनी पाहिले तर वेग तसाच होता. झाडे बदलली, त्यांचे रसायन बदलले आणि कोळशाने त्याची दखलही घेतली नाही.

आणि आता चंद्रपूर. ‘कार्बॉनिफेरस’ हे नाव १८२२ साली इंग्लंडमध्ये कॉनिबेअर आणि फिलिप्स यांनी दिले, तिथल्या कोळशावरून. नावातच कोळसा असल्याने साऱ्या जगाचा कोळसा त्याच काळातला, अशी समजूत होऊन बसली. आपला तसा नाही. भारतातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा गोंडवन संघातला आणि पर्मियन काळातला. राणीगंज, झरिया, सिंगरौली, कोरबा, तालचेर आणि आपले बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड हे सगळे कार्बॉनिफेरस संपल्यानंतरचे. वर्धा खोऱ्यातला बराकार थरांतला कोळसा सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा. राणीगंजचे वरचे थर त्यानंतर आणखी दोन-अडीच कोटी वर्षांनी साठले. म्हणजे कथेप्रमाणे लिग्निन जाळणारी बुरशी आली, कोळशाचे युग संपले, आणि त्यानंतर भारतात कोळसा बनायला सुरुवात झाली! सिंगरौलीतला झिंगुरदा थर १३० मीटरहून जाड आहे. कारखाना बंद पडल्यावर एवढा माल कुठून आला, याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यायला हवे.

या कोळशातले मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस. पाने जिभेच्या आकाराची आणि लाकूड खरेखुरे, वर्षावलये असलेले, लिग्निनयुक्त. आणि त्याला कूज लागत होती याचा पुरावाही आहे. अंटार्क्टिकातल्या पर्मियन काळच्या ग्लॉसोप्टेरिसच्या मुळांत पांढऱ्या कुजीचे कप्पे सापडल्याचे स्टबलफील्ड आणि टेलर यांनी १९८६ मध्ये दाखवले. झाड तेच, गोंडवन भूखंड तोच, बुरशी हजर आणि कोळसाही हजर.

पुढचा इतिहासही कथेला साथ देत नाही. पर्मियनच्या अखेरच्या महाविनाशानंतर, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, जगात कोठेही कोळसा बनला नाही असा साधारण एक कोटी वर्षांचा खंड येतो. त्यानंतर तो पुन्हा बनू लागतो. बुरशीने कोळसा कायमचा बंद केला असेल तर हा पुनर्जन्म कसला? अमेरिकेत पावडर नदीच्या खोऱ्यातले प्रचंड थर डायनोसॉर गेल्यानंतरचे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या लॅट्रोब खोऱ्यात लिग्नाइटचे थर शंभर मीटरहून जाड आहेत, आणि ते तर माकडे-वानरे झाडांवर हिंडू लागल्यानंतरचे. आपल्याकडे नेव्हेली आणि बाडमेरचे लिग्नाइट तृतीयक काळातले. गुजरातेतल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सदाहरित झाडांचा राळ-अंबर सापडतो, आत कीटक अडकलेला. त्या जंगलाच्या जमिनीवर बुरशी नव्हती असे कोण म्हणेल?

खंडन पुरे. नुसते पाडून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, म्हणून आता मंडन.

आपल्याकडचा एक जुना व्यवहार आठवा. उंबराचे लाकूड बांधकामाला कुचकामी. उघड्यावर ते लवकर कुजते, म्हणून सुतार त्याच्या वाटेला जात नाही. पण विहीर बांधताना तळाशी, पाण्याखाली जी लाकडी चौकट घालतात तिला मात्र उंबर चालतो, कारण पाण्यात तो टिकतो. झाड एक, लिग्निन एक, आसपासची बुरशीही तीच. फरक पडतो तो हवा मिळते की नाही याने. लिग्निन जाळणे हे ज्वलनच असल्याने त्याला प्राणवायू लागतो. पाण्यात प्राणवायू फार कमी विरघळतो आणि साचलेल्या पाण्यात, पाल्याच्या गाळात, जो असतो तोही वरच्या काही बोटांतच संपतो. खाली कूज जवळजवळ थांबते. वेल्समधल्या बँगोर इथल्या ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये याची आणखी एक कडी दाखवली. पीटच्या दलदलीत प्राणवायूअभावी फिनॉल तोडणारे विकर बसून राहते, फिनॉले साचतात आणि ती साचलेली फिनॉले सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांनाही निकामी करतात. एक कडी सरकली की सगळा दरवाजा बंद.

पण पाणी म्हणजे अर्धेच उत्तर. दलदल कधीतरी आटते, नदी पात्र बदलते, गाळ उघडा पडतो, आणि हजारो वर्षांचा साठा काही शतकांत हवेत जातो. तो लाखो वर्षे टिकायचा असेल तर खालची जमीन सतत खचत राहिली पाहिजे, म्हणजे जुना पाला खोल जाईल आणि नव्याला वर जागा होईल. कार्बॉनिफेरसच्या उत्तरार्धात हे सगळे जुळून आले. खंड एकमेकांवर आदळून पँजिया हा महाखंड बनत होता. टकरीतून डोंगर उठले आणि त्यांच्या पायथ्याशी जमीन खचून लांबरुंद द्रोणी तयार झाल्या. यांतल्या अनेक द्रोणी नेमक्या विषुववृत्ताजवळ होत्या, जिथे बारमाही पाऊस. दक्षिणेत गोंडवनावर हिमनद्या वाढत-ओसरत होत्या, त्यासरशी समुद्राची पातळी खाली-वर होई आणि दलदलींवर गाळाची पांघरुणे चढत. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या खाणींत कोळसा, शेल आणि चुनखडी यांची तीच ती आवर्तने आजही मोजता येतात. त्या हिमनद्यांचे ओरखडे चंद्रपूरजवळ इरई इथल्या चुनखडीवर आहेत. आपल्या कोळशाच्या थरांखाली जो तालचेरचा गोटेमिश्रित थर लागतो तो त्याच बर्फाने आणून टाकलेला. बर्फ वितळले, दऱ्या खचत गेल्या, त्यांत थंड-ओल्या हवेत ग्लॉसोप्टेरिसची जंगले उभी राहिली आणि आपला कोळसा झाला. या कथेत बुरशीच्या उशिराची गरज कुठे पडते?

पूर्वपक्ष यावर म्हणेल: पण युरोप-अमेरिकेतल्या दलदली संपल्या त्याच सुमारास बुरशी आली, हा योगायोग कसा? एक तर ‘त्याच सुमारास’ हे फार सैल आहे. जनुकांच्या घड्याळात चूक दोन्ही बाजूंना काही कोटी वर्षांची असते. त्या मर्यादेत पांढरी कूज कार्बॉनिफेरसच्या आधीही बसते. दुसरे, चीन पाहा. युरोप-अमेरिकेचा भूभाग कोरडा पडत गेला आणि तिथल्या लायकोप्सिड दलदली मेल्या. चीनचे भूखंड ओले राहिले आणि तिथे त्याच कुळातल्या झाडांच्या दलदली पर्मियनभर कोळसा साठवत राहिल्या. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर जातात. त्यांनी चीनला सूट दिली असेल असे मानायला कारण नाही. ओल मात्र ठिकाण पाहूनच असते.

‘हवा नाही तर कूज नाही’ हे माझे म्हणणेही जरा जास्तच सुबक आहे, याची मला जाणीव आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या पोटात प्राणवायूशिवाय जगणाऱ्या बुरशी असतात. त्यांतली एक, निओकॅलिमॅस्टिक्स, लिग्निनचे काही बंध हवेशिवायही तोडते असे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. तेव्हा दलदलीच्या तळाशी काहीच घडत नाही असे नाही. घडते ते इतके थोडे की खचणाऱ्या जमिनीला गाठणे त्याला जमत नाही.

हा वाद पुस्तकी वाटेल. पण चुकीच्या कथेतून चुकीचे निष्कर्ष निघतात आणि ते मी रोज ऐकतो. पहिला: आता बुरशी असल्यामुळे कोळसा पुन्हा कधीच बनणार नाही. तो बनतो आहे. काँगो नदीच्या खोऱ्यात १,४५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या विस्ताराचे पीट आहे आणि त्यात सुमारे ३० अब्ज टन कार्बन, असे २०१७ मध्ये मोजले गेले. सुमात्रा-बोर्निओतही तसेच. हा भविष्यातल्या कोळशाचा कच्चा माल, जमीन खचत राहिली तर. दुसरा निष्कर्ष प्लास्टिकचा: जशी लिग्निनला बुरशी सापडली तसे प्लास्टिकलाही कोणीतरी सापडेल, निसर्गाला थोडा वेळ द्या. जपानमध्ये पीईटी खाणारा इडिओनेला साकाएन्सिस हा जिवाणू २०१६ मध्ये वर्णिला गेला, तेव्हापासून या आशेला जोर आला आहे. लिग्निनच्या इतिहासात मात्र अशा आशेला आधार नाही. तिथे कुणाची सहा कोटी वर्षे वाट पाहिली गेलीच नव्हती.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महागडा. कोळसा आणि पीट टिकले ते खाणारा नव्हता म्हणून, असे मानले की पाण्याची किंमत दिसत नाही. १९९६ पासून इंडोनेशियाने मध्य कालिमंतानमधल्या सुमारे दहा लाख हेक्टर पीटच्या दलदलीत भातशेतीसाठी कालवे खणून पाणी काढून टाकले. भात पिकला नाही. पाणी उतरलेल्या पीटला हवा लागली आणि ते कुजू लागले. १९९७ च्या कोरड्या वर्षात ते पेटले. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि वनस्पतींच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला, असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दलदलीत लिग्निन होते, ते खाणारी बुरशीही काठावर हजर होती आणि हजारो वर्षे दोघांच्या मध्ये फक्त पाणी उभे होते.

शिक्षकांना आणि विज्ञान सांगणाऱ्या सर्वांना एक विनंती. ही कथा पुढच्या वेळी सांगाल तेव्हा मुलांपुढे भारताचा नकाशा ठेवा आणि वणी, बल्लारपूर, सिंगरौली, झरिया यांच्यापुढे त्या-त्या कोळशाचे वय लिहा. यांतला एकही कार्बॉनिफेरस नाही.